मर्ल हॅड्रिक आणि नोस्केची पाणंद

मर्ल हॅड्रिकला मेलबर्नची माणसं ‘पर्यावरणप्रेमी’ म्हणायला लागली, तेव्हा मरिंगल गावाला आठवडाभर हसू आवरलं नाही. एकाहत्तर वर्षं ज्या गुणाला गाव सरळ तोंडावर चिक्कूपणा म्हणत आलं, त्याला बाहेरच्यांनी येऊन एवढं भारदस्त नाव द्यावं! मर्लने ते नाव ऐकलं, जिभेवर घोळवून पाहिलं आणि ठेवून घेतलं. फुकट मिळालेली वस्तू परत करणाऱ्यांतली ती नव्हेच.

तिच्या घरी चहाची एक पुडी दोन माणसांना पुरते आणि तिसरा आलाच तर त्यालाही नाही म्हणत नाहीत. वाढदिवसाचं कार्ड आलं की लिहिलेला भाग कापून उरलेला अर्धा ती दुसऱ्याच्या वाढदिवसाला पाठवते. नवरा रॉन गेला तेव्हा शवपेटीचं झाकण वरच्या बाजूला अर्धंच उघडणार होतं, म्हणून मर्लने त्याला सुटाचा कोट आणि टाय चढवला आणि पँट पुतण्याला दिली. असं महिला मंडळातली ग्वेनिथ पास्को सांगते. आता ग्वेनिथने पेटीत खालपर्यंत वाकून पाहिलेलं नाही. पण त्याच महिन्यात पुतण्याला ती पँट घालून गुरांच्या बाजारात फिरताना मात्र तिने पाहिलं, आणि ग्वेनिथची नजर कापडाच्या बाबतीत सहसा चुकत नाही.

मर्ल एकतीस वर्षं गावच्या पोस्टाच्या खिडकीत बसली. कुणाला कोर्टाचं पत्र आलं, कुणाला बायकोचं आलं आणि कुणाला दुसऱ्याच्या बायकोचं आलं, हे पत्र वाचणाऱ्याच्या आधी तिला कळायचं. बोलायची मात्र नाही. नुसती भुवई वर करायची, आणि तेवढ्याने माणूस सुधारायचा. मग सरकारने पोस्ट बंद केलं. आता पेट्रोल पंपावर चिप्सच्या पाकिटांशेजारी एक लाल पेटी आहे. पत्र टाका आणि जा. मर्लपाशी थांबायचं कुणाला काही कारणच उरलं नाही. दुकानात लोक हात हलवायचे, पण हात हलवणं वेगळं आणि खिडकीशी येऊन नाव सांगणं वेगळं.

मग आठ वर्षांपूर्वी तिने धावण्याची एक शर्यत काढली. अकरा किलोमीटर, कारण गावाभोवतीचे रस्ते फिरून गावच्या हॉलपाशी यायला तेवढेच भरतात. दहाची केली असती तर ती एका गोठ्यात संपली असती. धावणाऱ्यांचे नंबर मर्लने जुन्या चादरी फाडून, त्यावर धोब्याच्या शाईने लिहून केले होते, आणि शर्यत संपली की ते परत घेऊन ती उकळत्या पाण्यात धुवायची. विजेत्याला पदक म्हणून जॅमच्या बरणीचं झाकण आणि बक्षीस म्हणून एक लाल भोपळा. पण खरी गंमत सकाळी सात वाजता. हॉलसमोर टेबल मांडून मर्ल बसायची आणि प्रत्येकाला नंबर घ्यायला तिच्यासमोर उभं राहावं लागायचं. “नाव? कुणाचा तू? म्हणजे आयव्हीचा नातू! गुडघा कसा आहे तिचा? आणि बायको का नाही आली?” मागे रांग वाढत जायची, आणि वर्षातली ती एक सकाळ मर्ल पुन्हा खिडकीत बसलेली असायची. हे तिने कुणाला कधी सांगितलं नाही. गावाला ते माहीत होतं.

गेल्या वर्षी कुठल्याशा मासिकात या ‘पर्यावरणप्रेमी’ शर्यतीबद्दल छापून आलं आणि एकदम तीनशे माणसं लोटली. कुणीतरी फुकट दिले म्हणून मर्लने प्लॅस्टिकचे कप घेतले. फुकट म्हटल्यावर तिचं डोकं चालत नाही, हा तिच्यातला एकमेव दोष. निदान तिच्या मते. धावणारे पाणी प्यायले आणि शर्यतीत करतात तसे कप खांद्यावरून मागे भिरकावत गेले. शर्यतीचे मधले तीन किलोमीटर क्लॅरी नोस्केच्या खाजगी पाणंदीतून जातात. दोन्हीकडे त्याची कुरणं, आणि कुरणांत त्याच्या दुभत्या गाई.

क्लॅरी आणि मर्ल शाळेत एका बाकावर होते. क्लॅरी माणसांशी वर्षातून चार वेळा बोलतो, बाकीचं सगळं बोलणं गाईंशी. शर्यतीनंतरच्या गावसभेत तो दोन पोती घेऊन आला आणि ती त्याने टेबलावर केकच्या शेजारी ओतली. कप, रिकामी पाकिटं, एक मोजा.

“हे तुमचं,” तो म्हणाला. “माझ्या कालवडीच्या पोटातून निघालं ते वेगळं. ते गुरांच्या डॉक्टरने ठेवून घेतलं. पाणंद बंद.”

झालं. पाणंद नाही तर हमरस्त्याने धावायचं, आणि हमरस्त्यावर दुधाचे टँकर. पोलीस त्याला परवानगी देणार नव्हते. म्हणजे पाणंद बंद तर शर्यत बंद.

मर्ल दुसऱ्या दिवशी पहाटे दूध काढायच्या वेळेला त्याच्या गोठ्यात जाऊन उभी राहिली.

“क्लॅरी, एक वर्ष दे.”

“मला नको विचारू. तिला विचार.” त्याने कालवडीकडे बोट केलं.

“नखाएवढा कचरा जरी तुझ्या पाणंदीत सापडला ना, तर मी स्वतः शर्यत बंद करीन. फाटकाला कुलूपसुद्धा मीच लावीन.”

“कुलूप विकत घ्यावं लागतं, मर्ल.”

“माझ्याकडे जुनं आहे.”

“किल्ली?”

“ती नाही.”

क्लॅरीने दुधाची नळी एका गाईवरून काढून दुसरीला लावली. मग म्हणाला, “मी बादली घेऊन शेवटच्या माणसामागून चालत येणार. दिसेल ते उचलणार आणि हॉलमध्ये सगळ्यांसमोर ओतणार.”

“ओत.”

“सगळ्यांसमोर.”

“ऐकलं मी. बहिरी तुझी बहीण आहे, मी नाही.”

आता प्रश्न कपांचा. प्लॅस्टिक नको, कागद नको. आणि पाणी तर प्यायला हवं. मर्लच्या डोळ्यांसमोर आले ते गावच्या महिला मंडळाचे हिरव्या काठांचे चिनी मातीचे कप. बशांसकट दोनशे. त्यांच्यावर पहारा ग्वेनिथ पास्कोचा. ग्वेनिथ सत्तेचाळीस वर्षं मंडळाची चिटणीस आहे. हॉलमध्ये लग्न लागताना ती नवरानवरीकडे बघत नाही, कपांकडे बघते.

“वेड लागलंय तुला?” ग्वेनिथ म्हणाली. “बिशप चहा प्यायलाय त्यातून.”

“मग काय बिघडलं? धुतले होतेस ना नंतर?”

तीन दिवसांनी ग्वेनिथ तयार झाली, पण अटी घालून. कप बशीशिवाय हॉलबाहेर जाणार नाही. कप मंडळाची बाई देईल, आणि पिणाऱ्याने तो तिच्याच हातात परत द्यायचा. पळता पळता कुणी कपाला हात लावायचा नाही. मर्लने सगळं मान्य केलं. तिला वाटलं, चला, सुटलो. मरिंगलच्या बायका हातात कप-बशी धरून रस्त्यावर उभ्या राहिल्या म्हणजे पुढे काय काय होतं, याचा विचार करायला ती विसरली. इतकी वर्षं त्याच गावात राहून!

शर्यतीच्या सकाळी एकशेऐंशी माणसं आली. मर्लने नंबर वाटले, चौकशा केल्या, मोठ्या आवाजात बजावलं की रस्त्यावर काही टाकाल तर याद राखा, आणि शिट्टी फुंकली. मग पुतण्याच्या गाडीतून आडरस्त्याने ती पाणंदीच्या मधल्या फाटकाशी आली. तिथे पाण्याचं टेबल असायला हवं होतं.

टेबल होतं. त्यावर पांढरी चादर होती. चादरीवर पाणी होतं, चहाच्या सहा किटल्या होत्या, दूध, साखर, चार ताटं भरून स्कोनचे गरम छोटे पाव, दोन प्रकारचा जॅम आणि फेटलेली साय.

“ग्वेनिथ, हे काय?”

“काय काय? माणूस दारात आल्यावर त्याला नुसतं पाणी द्यायचं?”

“ते दारात नाही आलेत! ते पळतायत!”

“म्हणूनच. भूक लागते पळून.”

एवढ्यात पहिला आला. मेलबर्नचा ब्रेडन, चंदेरी बूट, काळा चष्मा, मनगटावर दोन घड्याळं. हा मरिंगलचा विक्रम मोडायला आला होता. त्याने वेग कमी न करता हात पुढे केला, कप पकडला आणि ओढला. ग्वेनिथने बशी सोडली नाही. तेवढ्या झटापटीत कप त्याच्या हाती गेला, त्याने एक घोट घेतला आणि सवयीने खांद्यावरून मागे भिरकावला.

मर्लने डोळे मिटले. चिनी मातीचा एक तुकडा या पाणंदीत, एका गाईच्या खुरात, आणि संपलं सगळं. पण फुटल्याचा आवाज आलाच नाही. ‘प्लप्’ असं काहीतरी झालं. तिने डोळे उघडले. क्लॅरीच्या गाई सकाळी तिथूनच गेल्या होत्या, आणि त्यांतल्या एकीने टाकलेल्या शेणाच्या भल्यामोठ्या पोवर कप सरळ, कानासकट, बसवल्यासारखा बसला होता.

“एऽऽ चंदेरी!” ग्वेनिथ ओरडली. तिने आयुष्यात तीन नवरे आणि एक शाळा सांभाळली होती. त्या आवाजाला ब्रेडन जागच्या जागी थबकला. “ये इकडे. उचल तो.”

“बाई, माझी वेळ चाललीये...”

“माझे कप चालले होते! उचल. त्या डब्यात पाणी आहे, तिथे धू. कानाच्या आतून धू. तुझ्या आईला हे सांगितलं तर काय म्हणेल ती?”

ब्रेडनने कप धुतला. नीट नाही धुतला म्हणून पुन्हा धुतला. तोवर मागची माणसं येऊन थडकली. थांबा म्हटल्यावर ती थांबली, कारण थांबलेल्या माणसामागे रांग धरायची सवय त्या देशात आईच्या दुधाबरोबर मिळते. कुणी चहा दूध घालून मागितला, कुणी बिनसाखरेचा. सगळे घामाने निथळत, बशी सांभाळत उभे.

“कुठला तू? बॅलाराटचा? मग पेंगेली तुझा कोण?” किटलीवाल्या बाईने एकाला विचारलं.

“मामा.”

“अरे देवा. सुटला का तो?”

शर्यतीचा पार चहा झाला होता. पण कप शाबूत होते, रस्ता स्वच्छ होता, आणि मर्लचा जीव जरा भांड्यात पडत होता. तेवढ्यात एका बाईचे हात जॅमने माखले, आणि ग्वेनिथने टेबलाखालून एक पत्र्याचा डबा काढला.

“त्यात काय आहे?” मर्लने विचारलं.

“नाताळचे उरलेले कागदी रुमाल. साठ आहेत.”

“कागद नको म्हणाले होते मी!”

“कप कागदी नको म्हणालीस. जॅमचे हात कुठे पुसायचे ते नाही बोललीस.”

आणि तिने झाकण उघडलं. त्या मुलखात एप्रिलमध्ये वारा कधी सुटेल याचा भरवसा नसतो. तो त्या क्षणी सुटला. साठच्या साठ रुमाल, प्रत्येकावर बर्फातून चाललेली दोन हरणं, डब्यातून वर उठले, जॅमच्या ताटांना घासत टेबलाभोवती एक फेरी मारली आणि पाणंदीतून पुढे निघाले. मागे वळणावर, अर्ध्या किलोमीटरवर, क्लॅरीची टोपी दिसत होती. त्याच्यापुढे जिलाँगचा नेव्हिल नावाचा एक गलेलठ्ठ दंतवैद्य रमतगमत चालला होता. तोच शेवटचा.

“ग्वेनिथ,” मर्ल दबक्या आवाजात म्हणाली, “त्या जाड्याला अडव. तो इथून हलला नाही पाहिजे. चहा दे, स्कोन दे, नातवंडांचे फोटो दाखव.”

“कुणाच्या?”

“तुझ्या! अकरा आहेत ना तुला?”

आणि मर्ल हॅड्रिक धावली. लग्नानंतर ती धावल्याची नोंद नव्हती. अंगात लोकरी स्वेटर, पायांत बागेतले बूट. एक रुमाल खड्ड्यातून उचलला, दोन झुडपातून ओढले, प्रत्येक उचललेला स्वेटरच्या आत कोंबला. काही रांगेतून सुटलेले धावणारे तिला मागे टाकत जात होते.

“शाब्बास आजी!”

“आजी गेली खड्ड्यात! तो पकड, तो, खांबावरचा!”

त्याने उडी मारून पकडला, दुसरीने चर ओलांडून चार आणले. कुणाला काही कळत नव्हतं, पण आजी धावतेय आणि ओरडतेय म्हटल्यावर सगळे कामाला लागले. एक रुमाल क्लॅरीच्या विजेच्या कुंपणाला चिकटला होता. मर्लने तो तारेवरून हाताने काढला, आणि तिच्या तोंडून जो शब्द बाहेर पडला तो पोस्टाच्या खिडकीतून एकतीस वर्षांत कधी ऐकू आला नव्हता. मागे ग्वेनिथने नेव्हिलला सातव्या नातवंडापर्यंत आणलं होतं. त्याच्यामागे क्लॅरी बादली घेऊन मुकाट उभा. शेवटच्या माणसाच्या पुढे जायचं नाही ही त्याची स्वतःचीच अट. त्यालाही एका बाईने कप-बशी दिली आणि दुसऱ्या हातात स्कोन.

पाणंद संपली तिथे मर्लने मोजले. एकोणसाठ. पुन्हा मोजले. एकोणसाठ. मागे नजर टाकली तर क्लॅरी निघाला होता. शोधायला वेळ नव्हता. ती तशीच फुगलेल्या स्वेटरने उरलेला रस्ता चालत-पळत हॉलवर आली, आणि आलेल्यांत तिचा नंबर एकशे बाविसावा लागला. पहिली आली ती गावची मास्तरीण. तिला चहा आवडत नाही, म्हणून ती थांबलीच नव्हती.

हॉल भरला. क्लॅरी शेवटी आला, टेबलापाशी गेला आणि बादली उपडी केली. निळ्या सुतळीचे बावीस तुकडे, गाईच्या कानातला एक पिवळा बिल्ला, औषधाच्या पिचकारीचं तोंड, व्हिस्कीची एक चपटी बाटली.

“हे सगळं माझं,” तो म्हणाला. बाटलीपाशी जरा अडखळला. “तीसुद्धा.”

हॉल हसला. मग त्याने बादलीच्या बुडाशी हात घातला आणि एक कागदी रुमाल काढून सुतळीवर ठेवला.

“हा माझा नाही. मी हरणं पाळत नाही.”

हसू थांबलं. मर्ल मागच्या बाकावरून उठली. टेबलापर्यंतचं अंतर अकरा किलोमीटरपेक्षा जास्त असल्यासारखी ती चालली.

“मी शब्द दिला होता,” ती म्हणाली. “कुलूप घरी आहे. आणते.”

“अगं, एवढासा कागद,” ग्वेनिथ म्हणाली. “आणि डबा मी उघडला!”

“नखाएवढा म्हटलं होतं मी. हा तळहाताएवढा आहे. शर्यत बंद.”

एवढं बोलून तिने तो रुमाल उचलला, टेबलावर ठेवला, हाताने सुरकुत्या काढल्या आणि त्याची घडी घालू लागली. क्लॅरी बघत होता.

“काय करतेस?”

“घडी.”

“ती कशाला?”

“ठेवायला.”

“कचऱ्याची घडी घालून ठेवतात?”

“कचरा कुठला रे? एका कोपऱ्याला जरा जॅम लागलाय. तीन कोपरे कोरे आहेत अजून, कापून घेतला की...”

ती थांबली. तिच्या आधी हॉलला कळलं होतं. मागे कुणीतरी खिदळलं.

“म्हणजे हा कचरा नाही,” क्लॅरी म्हणाला.

“फसवू नकोस मला. तुझ्या पाणंदीत पडला होता. कचराच आहे.”

“बरं.” क्लॅरीने कोपऱ्यातला कचऱ्याचा डबा पायाने सरकवत तिच्यापुढे आणला. “मग टाक. तू टाकलास की मी मानीन, आणि पाणंद बंद.”

मर्लने हात डब्यावर धरला. ती खोटं बोलणारी बाई नव्हती. दिलेला शब्द पाळायला आली होती. बोटं उघडली की झालं. सगळा हॉल त्या बोटांकडे बघत होता. एकदा तर्जनी जराशी सुटली. तीन कोरे कोपरे लोंबकळले. तर्जनी पुन्हा मिटली.

“टाक ना,” क्लॅरी म्हणाला.

“टाकते. घाई कशाला करतोस?”

आणखी अर्धं मिनिट गेलं. ग्वेनिथने खुर्ची पुढे ओढली, म्हणजे नीट दिसेल. मग मर्लने एक शिवी हासडली, सकाळी कुंपणापाशी घातली होती तीच, आणि रुमाल स्वेटरमध्ये बाकीच्या एकोणसाठांबरोबर कोंबला.

हॉल दणाणला. ब्रेडनसुद्धा टाळ्या वाजवत होता. त्याचा विक्रम बुडाला होता, पण हातात तिसरा स्कोन होता. क्लॅरीने डबा जागेवर नेऊन ठेवला, टोपी घातली आणि दाराशी जाऊन वळला.

“पुढच्या वर्षी चहाला दूध माझ्याकडून न्या,” तो म्हणाला. “आज घातलंत ते दुकानातलं होतं. पांढरं पाणी नुसतं. कुणी आणलं ते?”

“हॉलमधल्या चहासाठी मी आणून ठेवलं होतं,” मर्ल म्हणाली. “तारीख उलटली होती म्हणून फुकट मिळालं.”